गमावलेले जनुक आणि पेरूची फोड

या सदरात आपण बहुधा वाढणाऱ्या गोष्टींविषयी बोलत असतो. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, वजन वाढते, औषधांच्या पुड्या वाढतात. आज मात्र आपल्या शरीरातून फार पूर्वी नाहीशा झालेल्या एका गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. ती आपल्या पणजोबांजवळही नव्हती. ती गेली तेव्हा या पृथ्वीवर माणूस अवतरलाच नव्हता. तरीही तिची आठवण मला एका वृद्ध गृहस्थांच्या पायांवरील डागांनी करून दिली.

हे गृहस्थ ७८ वर्षांचे. पत्नीच्या निधनानंतर एकटे राहणारे, मनाने ताठ, कोणावर भार नको म्हणून स्वतःचे स्वतः करणारे. मुलगी दर रविवारी येऊन औषधांचे डबे भरून देत असे. ती त्यांना घेऊन आली तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर आणि मांड्यांवर जांभळट डाग होते, नडगीवरची एक साधी खरचट महिनाभर भरत नव्हती आणि चालताना पाय ठणकत होते. वयामुळे असेल असे शेजाऱ्यांनी सांगितले होते. हृदयासाठी घेतलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे असेल असे मुलीला वाटत होते, आणि खरे सांगावयाचे तर प्रथम मलाही तेच वाटले. डाग नीट पाहिले तेव्हा ते केसांच्या मुळांभोवती उमटलेले दिसले, आणि तेथील केस वेटोळे झालेले होते. मग मी त्यांना विचारले, "काका, शेवटचे फळ केव्हा खाल्ले?" त्यांना आठवावे लागले. आठवूनही सांगता येईना.

हळूहळू सर्व उलगडले. सकाळी चहा आणि खारी. दुपारी मऊ भात, ताक किंवा दूध. रात्री दुधात कुस्करलेली पोळी. कवळी टोचते म्हणून ती कपाटात. भाजी चावत नाही, पेरूच्या बिया अडकतात, मोसंबी आंबट, आंबटाने खोकला होतो. भरपेट जेवणारा माणूस. उपाशी कोठेच नव्हता. पण त्याला झाला होता स्कर्व्ही, म्हणजे शाळेच्या पुस्तकात गलबतावरील खलाशांच्या नावे वाचलेला आजार. या आजारात हिरड्यांतून रक्त येते हे आपणास ठाऊक असेल. परंतु त्या हिरड्या सुजतात आणि स्रवतात त्या मुख्यतः दातांभोवती. तोंडात दातच नसतील तर ती खूण दिसत नाही, आणि ज्या वयात हा आजार पुन्हा डोके वर काढतो त्याच वयात त्याची सर्वांत ओळखीची खूण हरवलेली असते.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू झाल्या, नवे डाग काही दिवसांतच थांबले आणि पुढील काही आठवड्यांत जखम भरली. औषधशास्त्राच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. पण त्यांच्या मुलीने जाताना एक प्रश्न विचारला, आणि आजचा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. ती म्हणाली, "आमच्या घरी कुत्रा आहे. तो जन्मभर दूधपोळीच खातो. त्याला नाही होत हे?"

नाही होत. आणि त्याचे कारण मोठे विलक्षण आहे.

कुत्रा, मांजर, गाय, शेळी, उंदीर हे सर्व प्राणी क जीवनसत्त्व आपल्या यकृतात स्वतःच तयार करतात. धडधाकट शेळी दिवसाला काही ग्रॅम इतके ते बनविते. आपण ते मिलिग्रॅममध्ये मोजतो हे लक्षात घ्या. साखरेपासून पायरी पायरीने हे जीवनसत्त्व घडते आणि प्रत्येक पायरीसाठी एक विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते लागते. प्रत्येक विकर कसे घडवावे याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. आपल्या शरीरात यांतील अगोदरच्या पायऱ्या आजही शाबूत आहेत, कारण त्यांची इतर कामेही आहेत. फक्त शेवटच्या पायरीचे जनुक निकामी झालेले आहे. पुरण शिजले, वाटले, कणीक तिंबून झाली, आणि पोळी भाजण्यासाठी घरात तवाच नाही, अशी ही अवस्था. जपानी संशोधक मोरिमित्सु निशिकिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मानवी गुणसूत्रांत या जनुकाचे अवशेष शोधून काढले. आठव्या गुणसूत्रावर ते आजही पडून आहेत: काही भाग गळालेले, काही अक्षरे बदललेली, वाचता येईल पण उपयोगी पडणार नाही असे. पडक्या वाड्याचे जोते जमिनीत दिसावे तसे.

ही पडझड केवळ माणसाची नाही. वानर आणि माकडे या सर्वांत तीच आहे. यावरून ती सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या सर्वांच्या समान पूर्वजात झाली असावी असा हिशेब मांडला जातो. गिनिपिगने हेच जनुक स्वतंत्रपणे गमावले, कित्येक वटवाघळांनीही. गिनिपिगच्या या उणिवेने वैद्यकावर मोठे उपकार केले आहेत. संत्री आणि लिंबे यांनी स्कर्व्ही बरा होतो हे जेम्स लिंड या नाविक शल्यवैद्याने १७४७ साली बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून दाखविले होते. पण आजाराचे मूळ कोणाच्या हाती येत नव्हते. १९०७ साली नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिक हे दोघे वेगळ्याच, बेरीबेरी या आजाराचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनिपिगना नुसत्या धान्यावर ठेवले आणि त्यांना झाला स्कर्व्ही. त्यांनी उंदीर निवडला असता तर काहीच दिसले नसते, कारण उंदराकडे तवा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इतके उपयोगी जनुक गेले, तर आपले पूर्वज तगले कसे? उत्तर साधे आहे. ते झाडांवर राहत होते आणि फळे व कोवळा पाला खात होते. जे यकृताने करावयाचे ते झाड करीत होते. अशा परिस्थितीत ते जनुक बिघडले तरी कोणी मरत नाही, कोणाला कमी पिल्ले होत नाहीत, आणि बिघाड मुकाट्याने पुढील पिढीत जातो. बिघाड झाला, पण उणीव झाली नाही. या दोन शब्दांतील अंतर कृपया ध्यानात ठेवावे. बिघाड शरीरात असतो. उणीव शरीर आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती या दोघांमध्ये असते. झाड जोवर जवळ आहे तोवर काही उणे पडत नाही. झाड दूर गेले, गलबत समुद्रात गेले किंवा कवळी कपाटात गेली, की ६ कोटी वर्षांपूर्वीचा तो बिघाड अवघ्या दोन-तीन महिन्यांत पायांवर उमटतो.

उत्क्रांतीचे आपल्या मनातील चित्र बहुधा बांधकामाचे असते. एकपेशीय जीव, मग मासा, मग बेडूक, मग माकड, मग आपण; मजल्यावर मजला चढत गेला. नव्या जनुकांची भर पडत गेली म्हणून प्राणी बदलत गेले, अशी आपली समजूत. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेनार्ड ओल्सन यांनी १९९९ साली नेमके उलट सुचविले: जनुक गमावणे हीसुद्धा उत्क्रांतीची एक मोठी चालक शक्ती आहे, आणि कधी कधी कमी हेच अधिक ठरते. त्यानंतर अनेक प्राण्यांची जनुकांची संपूर्ण पोथी वाचून झाली आणि हा विचार बळावत गेला. प्राण्याच्या शरीराची घडण कशी बदलली हे समजून घ्यावयाचे तर त्याने काय मिळविले याबरोबर त्याने काय टाकले हेही पाहावे लागते.

तीन उदाहरणे सांगतो. पहिले अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रातील हिममाशांचे. १९२७ साली नॉर्वेचे डिटलेफ रुस्टाड यांनी हा मासा कापला तेव्हा त्यातून पाण्यासारखे रंगहीन रक्त निघाले. १९५४ साली योहान रूड यांनी त्या रक्ताची नीट तपासणी केली: त्यात हिमोग्लोबिनच नव्हते. आपल्या घरी हिमोग्लोबिन नऊवर आले की काळजी सुरू होते. येथे पाठीचा कणा असलेला एक संपूर्ण प्राणी शून्यावर जगतो. गोठणबिंदूच्या आसपासच्या त्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो आणि तो थेट रक्तरसातून वाहून नेला जातो. मात्र हे फुकट झाले नाही. माशाचे हृदय मोठे झाले, रक्तवाहिन्या रुंद झाल्या, रक्ताचे प्रमाण वाढले. हिमोग्लोबिन गेल्याने साऱ्या देहाची घडणच बदलावी लागली. समुद्र तापू लागले आणि पाण्यातील प्राणवायू घटला तर या माशाला परतीची वाट नाही.

दुसरे उदाहरण कवळी वापरणाऱ्या वाचकांना आवडेल. निळा देवमासा हा आजवरच्या प्राण्यांत सर्वांत मोठा. २०१५ साली रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर असा एक देवमासा येऊन पडला होता, ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल. या महाकाय प्राण्याला दात नाहीत. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या झालरीसारख्या पट्ट्यांनी तो पाणी गाळून त्यातील लहान जीव खातो. पण आईच्या उदरात असताना त्याच्या भ्रूणात दातांचे अंकुर फुटतात, काही काळ वाढतात आणि जन्मापूर्वीच विरून जातात. दातांवरचे कठीण कवच घडविणारी त्याची जनुके मोडक्या अवस्थेत सापडली आहेत. म्हणजे भ्रूणाला जुना रस्ता आठवतो, अर्ध्यापर्यंत तो चालतोही, आणि पुढे पूल पडलेला असतो.

तिसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे आहे, म्हणून त्यात थोडे रेंगाळतो. ऑयकोप्लुरा नावाचा काही मिलिमीटर लांबीचा एक पारदर्शक समुद्री जीव आहे. दिसावयास बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा. ग्रीक भाषेत 'ऑयकोस' म्हणजे घर. आणि हा जीव खरोखरच स्वतःभोवती बुळबुळीत द्रव्याचे घर विणतो, त्यातील जाळीतून अन्न गाळतो, जाळी तुंबली की घर टाकून देतो आणि दुसरे फुगवितो. दिवसातून अनेकदा. असे घर बदलणे आपल्याला परवडणारे नाही, पण त्याचे सारे आयुष्यच काही दिवसांचे असते.

हा जीव आपला दूरचा नातेवाईक आहे. पाठीच्या कण्याचा पूर्वरूप असलेला आधारदंड त्याच्या शेपटीत असतो. त्याचे जवळचे भाऊबंद लहानपणी पोहतात आणि मोठेपणी खडकाला चिकटून बसतात. हा मात्र जन्मभर पोहत राहतो. बार्सिलोना विद्यापीठातील क्रिस्तियान कान्येस्त्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे त्याची जनुके तपासली आणि त्यांना जागोजागी रिकामे कोनाडे दिसत गेले. आपल्या भ्रूणात हृदय घडविण्यासाठी जी जनुके एकमेकांना हाका मारीत काम करतात, त्यांपैकी कित्येक त्याच्याकडे नाहीतच. तरीही हृदय आहे, मोजक्या पेशींचे आणि लवकर धडधडू लागणारे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असा निष्कर्ष आहे की ही जनुके गळाल्यामुळेच हृदयाची घडण सुटसुटीत आणि वेगवान झाली असावी, आणि खडकाला चिकटून बसणाऱ्या पूर्वजापासून मुक्त पोहणारा हा जीव होण्यात त्या गळतीचा हातभार असावा. टाकले म्हणून पोहता आले.

याच जीवाने आणखी एक गोष्ट टाकली आहे. अ जीवनसत्त्वापासून आपल्या शरीरात रेटिनॉइक आम्ल तयार होते. गर्भात डोके कोणत्या बाजूला, धड कोठे, अवयव कोठे, याच्या आखणीत त्याचा मोठा वाटा असतो. ऑयकोप्लुराने ते बनविणारे, ते मोडणारे आणि त्याचा संदेश ओळखणारे अशी तिन्ही प्रकारची जनुके गमावली, आणि तरीही त्याचे डोके डोक्याच्याच जागी आहे. साखळीतील एक कडी गेली की बाकीच्यांनाही काम उरत नाही आणि त्या एकामागून एक गळतात, असे संशोधकांना येथे दिसले. आपल्यात ती साखळी पूर्ण शाबूत आहे, आणि म्हणूनच नाजूक आहे. मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधे याच कुळातील असून ती गरोदरपणात घेतल्यास गर्भात गंभीर व्यंगे होऊ शकतात. घरात लेक किंवा सून गरोदर असेल अथवा तसा विचार करीत असेल, तर तिच्या खणातील मुरुमांच्या गोळ्यांविषयी आणि अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या पूरक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारण्याची आठवण आपण वडीलधाऱ्यांनी अवश्य करावी. गाजर आणि पालक यांविषयी मात्र भीती बाळगू नये.

माणसाकडे परत येऊ. आपल्या जबड्याच्या स्नायूंतील एका जनुकाची दोन अक्षरे गळालेली आहेत, असे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील हॅन्सेल स्टेडमन यांच्या गटाने २००४ साली दाखविले. गोरिलाचे तेच जनुक शाबूत आहे, आणि त्याचे चर्वण पाहिले की फरक कळतो. जबड्याचे स्नायू दुबळे झाले म्हणून कवटीला वाढण्यास मोकळीक मिळाली असा तर्कही त्यांनी मांडला. तो पुष्कळांना पटला नाही आणि मलाही तो जरा अधिकच सुरेख वाटतो; गळती मात्र खरी आहे.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना रोज भेटणारे गमावलेले जनुक वेगळेच आहे, आणि ते पायाच्या अंगठ्यात राहते. बहुतेक सस्तन प्राणी शरीरातील युरिक आम्ल युरिकेज नावाच्या विकराने मोडतात आणि सहज विरघळणाऱ्या पदार्थाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर टाकतात. आपल्या वानर पूर्वजांत हे जनुक सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी बंद पडले. परिणामी आपल्या रक्तात इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा कित्येक पट अधिक युरिक आम्ल असते. ते का टिकले याविषयी मतमतांतरे आहेत: कोणी म्हणतात ते पेशींचे रक्षण करते, कोणी म्हणतात फळांतील साखरेची चरबी करून साठविण्यास त्याने मदत केली आणि दुष्काळात पूर्वज तगले. दोन्ही तर्कांत परिस्थितीचा उल्लेख आहे, हे पाहा. दुष्काळ संपला, ताटात साखर आणि मांस मुबलक झाले, वय वाढले, मूत्रपिंडे मंदावली, आणि एके रात्री त्या आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात टोचू लागले. यालाच गाऊट म्हणतात. आयुर्वेदातील वातरक्त या व्याधीशी त्याचे वर्णन पुष्कळ जुळते.

याविषयी दोन शब्द स्पष्ट लिहितो, कारण घरोघरी यावरून विनाकारण क्लेश होतात. गाऊट झालेल्या माणसाला "तुम्हीच खाण्यावर ताबा ठेवला नाही" असे ऐकविले जाते. आहाराचा वाटा आहे, पण मूळ दोष मानवजातीचा आहे आणि उरलेला पुष्कळसा मूत्रपिंडांच्या स्वभावाचा आणि घराण्याचा आहे. रक्त तपासणीत युरिक आम्ल किंचित अधिक दिसले, सांधा कधीच सुजला नाही आणि मुतखड्याचाही त्रास नाही, तर बहुधा औषध लागत नाही. दुसरे, डाळी बंद करणे. वृद्ध शाकाहारी माणसाचे वरण बंद केले की त्याची प्रथिने जातात आणि स्नायू वितळतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४७ हजारांवर पुरुषांच्या १२ वर्षांच्या अमेरिकन पाहणीत मांस आणि मासे यांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला. भाज्या व डाळींसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी तो वाढलेला दिसला नाही, आणि दुधाच्या पदार्थांनी तर तो घटलेला आढळला. बिअर आणि गोड शीतपेये मात्र टाळावीत. रक्तदाबासाठी दिलेल्या काही लघवीच्या गोळ्यांनी आणि ॲस्पिरिनच्या लहान मात्रेनेही युरिक आम्ल वाढते. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. अगदी हट्टी गाऊटसाठी तर आता प्रयोगशाळेत तयार केलेले युरिकेजच शिरेतून देता येते. दीड कोटी वर्षांपूर्वी गेलेले विकर बाटलीतून परत येते, याचे मला दर वेळी नवल वाटते.

आणि गमावणे हे नेहमी गाऊट आणि स्कर्व्हीच्याच रूपात येते असेही नाही. काही थोड्या लोकांत पीसीएसके९ नावाचे एक जनुक जन्मतः मोडलेले असते. ते धड असले की यकृत रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल कमी उचलते. मोडले की अधिक उचलते. अमेरिकेतील डॅलस येथील हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी अशी माणसे शोधली. २००६ साली त्यांनी दाखविले की कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांच्या १५ वर्षांच्या पाहणीत या जनुकाची एक प्रत मोडलेल्यांचे वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयरोहिणीच्या विकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. दोन्ही प्रती निकामी असलेली एक स्त्रीही आढळली, आणि ती निरोगी होती. मोडके जनुक घेऊन माणूस सुखाने जगतो हे निसर्गानेच दाखविल्यावर औषधे बनविणाऱ्यांनी त्या मोडण्याची नक्कल केली. २०१५ पासून अशी इंजेक्शने वापरात आहेत. सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावयाचे एक इंजेक्शनही आता मिळते. ती महाग आहेत आणि सर्वांना लागत नाहीत. बहुतेकांसाठी जुन्या स्टॅटिन गोळ्याच पुरेशा आहेत, तेव्हा हे वाचून कोणी आपली नेहमीची गोळी सोडू नये.

आता पुन्हा त्या दूधपोळीच्या वाटीकडे. वृद्ध माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना माझे सांगणे असे की आपल्या माणसाच्या पूर्वजांना जे झाड पुरवीत होते, ते आता आपल्या हातून पोहोचावयाचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर असते, आवळ्यात त्याहूनही थोडे अधिक. म्हणजे लहानसा अर्धा पेरू पुरतो. सफरचंद या बाबतीत अगदीच दरिद्री आहे. आजाऱ्याला भेटावयास जाताना आपण तेच का नेतो, न कळे.

दात नसतील तर पिकलेला पेरू मधोमध चिरून, बियांचा भाग काढून, उरलेला गर चमच्याने खरवडावा. आवळा किसून वरणभातावर घालावा. लिंबू पिळावयाचे ते वरण गॅसवरून उतरवून ताटात वाढल्यावर. उकळीत पिळलेल्या लिंबातील बरेचसे क जीवनसत्त्व वाया जाते. फळ आयत्या वेळी चिरावे. सकाळी चिरून दुपारसाठी झाकून ठेवलेल्या फोडींत चव राहते, सत्त्व घटते. कोथिंबिरीची कच्ची चटणी मऊ भाताबरोबर उतरते. धूम्रपान करणाऱ्यांची गरज अधिक असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर कोणते फळ किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण तेथे पोटॅशियमचा प्रश्न येतो. मुतखडा होणाऱ्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. आणि कवळी टोचत असेल तर ती दंतवैद्याकडे न्यावी. ती कपाटात ठेवल्यामुळे काय झाले ते आपण पाहिलेच.

अंगावर आपोआप जांभळे डाग, न भरणारी जखम, पाय ठणकणे आणि सततचा थकवा ही लक्षणे दिसली तर वयाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी रक्त तपासावे, चालू औषधे दाखवावीत, आणि त्याबरोबर मागील दोन महिन्यांत ताटात काय काय आले ते एका कागदावर लिहून न्यावे. आमच्यापैकी सर्वच जण ते विचारतील असे नाही. मीही त्या दिवशी जरा उशिराच विचारले.

काकांच्या मुलीने आता शेजारच्या ताईंना रोजचे काम लावून दिले आहे. दुपारी चार वाजता चहाबरोबर खरवडलेल्या पेरूची वाटी येते. आंबटाने खोकला होतो ही त्यांची तक्रार मागे पडली असून तिची जागा दुसरीने घेतली आहे: तिखटमिठाशिवाय पेरू म्हणजे शिक्षा, असे ते म्हणतात. रक्तदाबासाठी मीठ मीच बंद केले आहे. तिखटाला हरकत नाही असे मी कळविले, पण मिठाच्या चिमटीवर आमची बोलणी अजून चालू आहेत.